बेलुगा किती जगतो आणि त्याला काय जगू देत नाही

मागच्या अंकात एका प्रश्नाला उत्तर देताना ‘बेलुगा हा पांढरा देवमासा जवळपास माणसाइतका जगतो’ असं एक वाक्य मी लिहिलं होतं. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच देत आहे. बेलुगाचे दात तपासून वय काढण्याच्या कामात माझी उमेदीची वर्षं गेली. त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवत नाही. काही उत्तरं लांबली आहेत, ती तशीच राहू दिली आहेत.

प्रश्न : माझ्याकडच्या प्राणीकोशात बेलुगाचं आयुष्य २५ ते ३० वर्षं दिलं आहे. तुम्ही माणसाइतकं म्हणता. एवढा फरक कसा?
– एक निवृत्त ग्रंथपाल

उत्तर : तुमचा कोश जुना असणार. पण तो लिहिला गेला तेव्हा अभ्यासकही तेच सांगत होते.

बेलुगाचं वय दातावरून काढतात. त्याच्या तोंडात साधारण ३४ ते ४० आखूड, बोथट दात असतात. त्यातला एक घेऊन उभा चिरायचा. हिऱ्याची धार बसवलेली गोल करवत अगदी हळू फिरवायची आणि वरून पाणी सोडत राहायचं, नाहीतर दात तापून तडकतो. असा एक पातळ काप निघाला की तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खालून प्रकाश सोडायचा. मग डेंटिनमध्ये, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागात, एकाआड एक फिकट आणि गडद पट्टे दिसायला लागतात, झाडाच्या खोडात वर्तुळं दिसतात तसे. एक फिकट आणि एक गडद मिळून एक थर. हे थर मोजायचे. सांगायला सोपं आहे, पण मधेच एखादा पुसट पट्टा येतो आणि तो धरायचा की सोडायचा यावर दोन माणसांचं जमत नाही. म्हणून एकच दात दोघातिघांनी, एकमेकांचा आकडा न पाहता, मोजायची शिस्त असते.

खरा वाद होता तो वर्षाला थर किती पडतात याचा. बराच काळ दोन धरले जात. पुरावा तुटपुंजा होता, त्यातही काही बंदिस्त बेलुगांवरचा, पण तोच चालत राहिला. साठ थर दिसले की वय तीस लिहायचं. तुमच्या कोशातला आकडा तिथून आला आहे.

वाद मिटवला तो अणुचाचण्यांनी. १९५० आणि ६० च्या दशकांत उघड्यावर झालेल्या स्फोटांमुळे हवेतलं कार्बन-१४, म्हणजे कार्बनचं किरणोत्सारी रूप, एकदम वाढलं. ते समुद्रात उतरलं, तिथून माशांत गेलं आणि मासे खाणाऱ्या बेलुगांच्या दातांत येऊन बसलं. दातात एकदा साठलेलं डेंटिन पुन्हा बदलत नाही. त्यामुळे कार्बन-१४ ज्या थरापासून चढायला लागतं, तो थर १९५० च्या दशकाच्या अखेरीच्या आसपासचा हे नक्की सांगता येतं. जनावर मेलं ते वर्ष नोंदलेलं असतं. मधले थर मोजायचे आणि मधली वर्षं मोजायची. कॅनडातले रॉबर्ट स्ट्युअर्ट, स्टीव्हन कँपाना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम करून २००६ मध्ये छापलं. निष्कर्ष असा, की वर्षाला थर एकच पडतो.

तेवढ्यानं जगातल्या सगळ्या बेलुगांची वयं दुप्पट झाली. साठ-सत्तर वर्षं जगलेले बेलुगा आता माहीत आहेत, काही ऐंशीच्या घरातले. शिवाय म्हाताऱ्या बेलुगाच्या दाताचं टोक झिजलेलं असतं. जन्माच्या वेळची रेघ त्याच टोकाशी असते. टोक गेलं की पहिली काही वर्षंही गेली. म्हणून अहवालात वयाआधी ‘किमान’ असं लिहावं लागतं.

ही बातमी लोक आनंदानं ऐकतात. त्याची दुसरी बाजू मात्र मला फार लागते. मादी चार ते सात वर्षांत वयात येते असं समजत होते, ते आठ ते चौदा झालं. एका वेळी एकच पिल्लू, त्यासाठी चौदा-पंधरा महिन्यांचं गर्भारपण, पुढे दोनेक वर्षं अंगावर पाजणं. तिला पुढचं पिल्लू साधारण तीन वर्षांनी होतं. जो प्राणी इतका सावकाश वाढतो, त्याची मोडलेली संख्या सावरायलाही तेवढाच वेळ लागतो. पुढच्या सगळ्या उत्तरांत हाच मुद्दा फिरून फिरून येणार आहे.

प्रश्न : एवढं आयुष्य असेल तर मादीला शेवटपर्यंत पिल्लं होतात का? की माणसासारखं थांबतं?
– एक वाचक, व्यवसायाने परिचारिका

उत्तर : थांबतं. एक्सेटर विद्यापीठातल्या सॅम्युअल एलिस आणि सहकाऱ्यांनी मेलेल्या माद्यांच्या बीजकोशांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये दाखवलं, की बेलुगा आणि नारव्हाल (लांब सुळ्याचा देवमासा) यांच्या माद्या प्रजनन थांबल्यावरही बरीच वर्षं जगतात. तोवर सस्तन प्राण्यांत हे माणूस, ऑर्का (किलर व्हेल) आणि आखूड पंखांचा पायलट व्हेल एवढ्यांतच पक्कं ठाऊक होतं. बहुतेक प्राण्यांत पिल्लं होणं आणि जगणं साधारण एकाच वेळी संपतं, त्यामुळे ही यादी फार छोटी आहे.

म्हातारीचा कळपाला काय उपयोग? ऑर्कांच्या बाबतीत अन्न कमी असताना वयस्क माद्या पुढे राहून वाट दाखवतात, याच्या चांगल्या नोंदी आहेत. बेलुगांचे कळप नुसते आई-मुलींचे नसतात, त्यात नात्याबाहेरचेही पुष्कळ असतात. पण उन्हाळ्यात कुठल्या नदीच्या मुखाशी जायचं हे पिल्लू आईबरोबर पोहत शिकतं आणि मग जन्मभर तिथेच येत राहतं. अनेक पिढ्यांच्या जनुकांच्या नमुन्यांत हे दिसून आलं आहे. म्हणून साठीची मादी मारली तर ‘ती तशीही पिल्लं देणार नव्हती’ असं म्हणून चालत नाही. असा हिशेब मी बैठकांत ऐकला आहे आणि मला त्याचा राग येतो.

प्रश्न : जगात लाखाहून जास्त बेलुगा आहेत असं वाचलं. मग ते धोक्यात कसे?
– एक शिक्षक

उत्तर : आकडा बरोबर आहे. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेनं २०१७ मध्ये या जातीला ‘कमीत कमी चिंता’ या वर्गात टाकलं. हडसन उपसागराच्या पश्चिमेलाच पन्नास हजारांच्या वर आहेत. उन्हाळ्यात चर्चिल नदीच्या मुखाशी ते इतक्या संख्येनं येतात की पाणी पांढरं दिसतं.

पण वीसेक वेगवेगळे समूह मिळून हा एक आकडा होतो. वर लिहिलं तसं, प्रत्येक समूहाची जागा ठरलेली असते. एका ठिकाणचे संपले म्हणून शेजारचे तिथे राहायला येत नाहीत. उत्तर क्वेबेकमधल्या उंगावा उपसागरात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेलासाठी आणि कातड्यासाठी बेसुमार शिकार झाली. तिथला समूह आज जवळपास संपलेला आहे. हडसन सामुद्रधुनीतून दरवर्षी दुसरे हजारो बेलुगा जातात. उंगावाच्या तोंडावरून जातात. आत वळून तिथेच राहणारे नाहीत. आत काय आहे हे सांगणारे उरले नाहीत, असं मी याचं कारण समजते.

अलास्कातल्या कुक इनलेट या खाडीचं पाहा. अँकरेज शहराच्या दारातच हा समूह राहतो. १९७९ मध्ये सुमारे १,३०० होते. १९९४ ते १९९८ या चार वर्षांत शिकारीमुळे ६५३ वरून ३४७ वर आले. १९९९ मध्ये शिकार थांबली, नंतरच्या काही वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच मारले गेले. २००८ मध्ये त्यांना अमेरिकी कायद्यानं ‘नष्टप्राय’ म्हणून संरक्षण मिळालं. शिकार थांबली की संख्या वाढेल अशी सगळ्यांची खात्री होती. २०१८ ची मोजणी आली २७९, आणि २०२२ ची ३३१. शेवटची वाढ खरी असली तरी १,३०० कुठे आणि ३३१ कुठे! गोळी थांबल्यावरही ते का वाढत नाहीत, याला एकच एक कारण नाही. बंदरातलं खांब ठोकण्याचं काम, विमानांचा आणि जहाजांचा आवाज, सांडपाणी, सामन माशांचं कमी-जास्त होणं, हे सगळं त्याच उथळ पाण्यात एकत्र येतं. थोड्या संख्येला थोडाही धक्का पुरतो.

प्रश्न : देवमाशांना कॅन्सर होतो हे खरं का? मला वाटायचं हा माणसांचाच रोग.
– एक गृहिणी

उत्तर : खरं आहे, आणि ज्या जागी हे सगळ्यात जास्त सापडलं तिथलाच समूह मला सगळ्यात जवळून माहीत आहे. क्वेबेकमध्ये सॅग्ने नदी सेंट लॉरेन्सला मिळते, त्या खाडीतले हे बेलुगा. उत्तर ध्रुवापासून इतक्या दक्षिणेला बेलुगांचा दुसरा समूह नाही.

त्यांचे हाल आधी माणसाच्या रागानं केले. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथे सात-आठ हजार किंवा त्याहून जास्त असावेत. मासे कमी मिळायला लागले तसं कोळ्यांनी बेलुगांवर बोट ठेवलं. १९३० च्या दशकात क्वेबेक सरकारनं मारलेल्या प्रत्येक बेलुगामागे १५ डॉलरचं इनाम लावलं, विमानातून बॉम्बसुद्धा टाकले गेले. पुढे जीवशास्त्रज्ञ वादिम व्लादिकोव्ह यांनी मेलेल्या बेलुगांची पोटं उघडून पाहिली, तेव्हा सामन संपवल्याचा त्यांच्यावरचा आरोप टिकला नाही. शिकारीवर पूर्ण बंदी यायला मात्र १९७९ उजाडलं. तोवर शेकड्यांत उरले होते.

१९८० च्या दशकात पिएर बेलां आणि डॅनिएल मार्तिनो या शास्त्रज्ञांनी किनाऱ्याला लागलेले मृतदेह उघडून तपासायला सुरुवात केली. १९८३ ते १९९९ या काळात १२९ मृतदेह तपासले गेले. त्यातल्या प्रौढांपैकी २७ टक्क्यांत कॅन्सर सापडला. रानटी प्राण्यांच्या कुठल्याही समूहात असं प्रमाण पाहण्यात नव्हतं. आतड्याचे कॅन्सर विशेष जास्त होते. सॅग्नेच्या वरच्या अंगाला ॲल्युमिनियमचे कारखाने होते, त्यांच्यातून निघणारी बेन्झोपायरीनसारखी काजळीतली रसायनं नदीच्या गाळात साठली. बेलुगा तळाशी जाऊन गाळातले किडे आणि मासे खातो. बाकी विषंही होतीच. विजेच्या उपकरणांत वापरलं जाणारं पीसीबी, शिवाय डीडीटी आणि मिरेक्स नावाचं कीटकनाशक. मिरेक्स आलं ते शेकडो किलोमीटर वरच्या ओंटारिओ सरोवरातून. तिथल्या वाम माशांच्या अंगात ते होतं, वाम समुद्राकडे निघाले आणि वाटेत बेलुगांच्या पोटात गेले. काही मृतदेहांच्या चरबीत पीसीबी इतकं होतं की कॅनडाच्या नियमांप्रमाणे ते घातक कचरा ठरत.

आता दीर्घ आयुष्याचा मुद्दा पुन्हा घेते. ही रसायनं चरबीत विरघळतात आणि बाहेर पडत नाहीत. बेलुगाच्या वजनाचा मोठा हिस्सा चरबीच असते. पाच-दहा वर्षं जगणाऱ्या माशात पाच-दहा वर्षांचं साठेल, सत्तर वर्षं जगणाऱ्यात सत्तर वर्षांचं. नरांत ते वाढतच जातं. माद्यांत कमी सापडतं, कारण त्यांचं विष दुधातून पिल्लाच्या अंगात जातं आणि पहिल्या पिल्लाच्या वाट्याला सगळ्यात जास्त येतं. हे तक्ते मी प्रथम पाहिले तेव्हा नर आणि माद्यांच्या आकड्यांमधली ती दरी पाहून काही वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

यात एक चांगली गोष्ट घडली आहे आणि ती सांगायलाच हवी. १९७० च्या दशकापासून कारखान्यांतून येणारी ती रसायनं कमी केली गेली, पीसीबीचं उत्पादन आणि विक्री कॅनडात १९७७ मध्ये बंद झाली. पुढे तपासलेल्या मृतदेहांत १९७१ नंतर जन्मलेल्या एकाही बेलुगात आतड्याचा कॅन्सर सापडला नाही. नियम केला, पाळला, आणि त्याचा परिणाम दिसला. तो दिसायला एका बेलुगाचं अर्धं आयुष्य जावं लागलं, एवढंच.

दुर्दैवानं त्या जागी नवी काळजी आली. २००८ पासून काही उन्हाळ्यांत नवजात पिल्लांचे मृतदेह खूप जास्त सापडायला लागले. २०१२ मध्ये सोळा सापडले, एरवी ते मोजकेच असत. बाळंत होताना किंवा लगेच नंतर मरणाऱ्या माद्याही वाढल्या. आग रोखण्यासाठी फर्निचर आणि उपकरणांत घालतात त्या पीबीडीई रसायनांचं प्रमाण १९९० च्या दशकात या बेलुगांत झपाट्यानं चढलं होतं. पाणी तापलं आहे, हिवाळ्यातला बर्फ कमी झाला आहे, आवाज वाढला आहे. अशक्त आईला यातलं एकेक सोसेल, सगळं एकदम सोसत नाही.

प्रश्न : बेलुगाला कोण खातं? ध्रुवीय अस्वल खातं का?
– इयत्ता सहावीतला एक वाचक

उत्तर : हो, खातं! बर्फात श्वास घ्यायला जी फट असते तिथे अस्वल दबा धरून बसतं आणि बेलुगा वर आला की पंजा मारतं. दुसरा शत्रू ऑर्का. बेलुगाच्या पाठीवर उंच पर नसतो, त्यामुळे तो बर्फाच्या खालून सहज सरकतो. ऑर्काच्या पाठीवर मोठा पर असतो, म्हणून तो दाट बर्फात शिरायचं टाळतो. बर्फ हीच बेलुगाची लपायची जागा. आता उत्तरेकडचा बर्फ कमी होतो आहे आणि ऑर्का पूर्वी येत नव्हते अशा ठिकाणी यायला लागले आहेत.

कधी कधी बर्फच शत्रू होतो. पाणी एकाएकी गोठलं की कळप एका छोट्या उघड्या जागेत अडकतो. १९८४-८५ च्या हिवाळ्यात रशियाच्या चुकोत्का किनाऱ्याजवळ हजारो बेलुगा असे अडकले होते. ‘मॉस्क्वा’ नावाच्या बर्फफोड्या जहाजानं वाट फोडली, पण बेलुगा जहाजामागे येईनात. तेव्हा खलाशांनी जहाजावरून संगीत वाजवलं. शास्त्रीय संगीत लावल्यावर ते मागून यायला लागले, असं त्या वेळच्या बातम्यांत आहे. सुमारे दोन हजार वाचले. तू आणखी प्रश्न पाठव.

प्रश्न : जहाजांच्या आवाजानं एवढं काय बिघडतं? समुद्रात आवाज तर असतोच.
– एक अभियंता

उत्तर : समुद्रातल्या नैसर्गिक आवाजांत बेलुगा लाखो वर्षं राहिला आहे. बोटींच्या इंजिनांचा आवाज वेगळा आहे, तो तासन्‌तास थांबत नाही. आणि बेलुगाचं सगळं जगणं कानावर चालतं. गढूळ पाण्यात, बर्फाखाली, हिवाळ्याच्या अंधारात डोळ्यांनी काय दिसणार? मासा शोधणं, श्वासासाठी फट शोधणं, एकमेकांना हाक मारणं, सगळं आवाजावर. १९८० च्या दशकात कॅनडाच्या लँकेस्टर साउंडमध्ये असं दिसलं, की बर्फफोडं जहाज ३५ किलोमीटरहून लांब असतानाच बेलुगा पळायला लागत.

सॅग्नेच्या काठी बे सेंत-मार्गरित नावाचा एक शांत उपसागर आहे. उन्हाळ्यात माद्या पिल्लांना घेऊन तिथे येऊन राहतात. वरच्या खडकावर बसलं की त्यांचा श्वास ऐकू येतो. पांढरीशुभ्र पाठ वर येते, तिच्या बाजूला चिकटून एक छोटी करडी पाठ येते. पिल्लू राखाडी जन्मतं, पूर्ण पांढरं व्हायला त्याला दहा वर्षं किंवा जास्तही लागतात. मी पाहत असताना एकदा लांबून बोट आली. पाण्यात सोडलेल्या मायक्रोफोनमधून तोवर शिट्ट्या, करकर, टकटक असा नुसता गलबला ऐकू येत होता, तो इंजिनच्या घरघरीत बुडाला. पाठी तशाच वर-खाली होत होत्या. काठावरून पाहणाऱ्याला काहीच बदललं नाही असं वाटलं असतं.

नवजात पिल्लाची हाक मुळातच क्षीण असते, शांत पाण्यातही काहीशे मीटरच पोचते. वालेरिया व्हेर्गारा यांनी सेंट लॉरेन्समध्ये केलेल्या अभ्यासात बोटींच्या आवाजात हे अंतर साधारण निम्म्यावर आलेलं दिसलं. आई खाली मासे शोधायला गेली, पिल्लू वर आहे, आणि मधे ही घरघर. ताटातूट झालेलं पिल्लू फार वेळ जगत नाही. २०१८ पासून २१ जून ते २१ सप्टेंबर या काळात तो उपसागर बोटींना बंद केला आहे, आणि तिथल्या पाण्यात बेलुगापासून ४०० मीटर लांब राहण्याचा नियम आहे. मला विचाराल तर असे बंद तुकडे आणखी हवेत. इतका साधा उपाय दुसरा नाही. तिथून बोट नेऊ नका, बस.

प्रश्न : इनुइट लोकांना बेलुगा मारू देतात, हे योग्य आहे का? सरसकट बंदी का घालत नाहीत?
– एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

उत्तर : तुझा कळवळा मला समजतो, पण सरसकट बंदी मला चुकीची वाटते. बेलुगांचे समूह मोडले ते मुख्यतः तेल आणि कातड्याच्या व्यापारानं. इनुइटांसाठी बेलुगाची कातडी आणि तिच्या खालची चरबी हे अन्न आहे, जीवनसत्त्व सी मिळण्याचं साधन आहे. जिथे काही उगवत नाही तिथे त्याला पर्याय काय देणार? मोठ्या समूहांतून ठरवून, मोजून केलेली शिकार त्या समूहाला सोसते. लहान समूहाला सोसत नाही, कुक इनलेटमध्ये ते दिसलंच. तिथे १९९९ मध्ये शिकार थांबवण्यात स्थानिक शिकारी स्वतःहून पुढे आले होते, हेही लक्षात ठेव.

आणखी एक. माझ्या टेबलावर आलेले बहुतेक दात कॅनडाच्या पश्चिम आर्क्टिकमधल्या इनुव्हियालुइट शिकाऱ्यांनी पाठवलेल्या खालच्या जबड्यांतले होते. प्रत्येक पिशवीवर तारीख, जागा, नर की मादी, लांबी, सगळं पेन्सिलीनं नीट लिहिलेलं असे, कारण गोठलेल्या पिशवीवर शाई टिकत नाही. बेलुगाच्या आयुष्याबद्दल आपल्याला जे ठाऊक आहे त्याचा मोठा भाग त्या नोंदींवर उभा आहे. आणि ज्या विषांबद्दल वर लिहिलं ती त्यांच्याही ताटात येतात. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उत्तर क्वेबेकमधल्या इनुइट बायांच्या दुधात पीसीबीचं प्रमाण दक्षिणेकडच्या बायांपेक्षा कित्येक पटींनी जास्त निघालं होतं. त्या रसायनांचा एकही कारखाना त्यांच्या मुलखात नव्हता.

प्रश्न : नॉर्वेत माणसाळलेला तो बेलुगा गोळीनं मेला का?
– अनेक वाचक

उत्तर : नाही. २०१९ च्या एप्रिलमध्ये उत्तर नॉर्वेच्या कोळ्यांना अंगावर पट्टा बांधलेला एक बेलुगा दिसला. पट्ट्यावर कॅमेरा बसवायची जागा होती आणि बक्कलावर ‘सेंट पीटर्सबर्ग’ असं कोरलेलं होतं. लोकांनी त्याचं नाव ह्वाल्दिमिर ठेवलं. ३१ ऑगस्ट २०२४ ला तो दक्षिण नॉर्वेत मेलेला आढळला. गोळीचा संशय घेतला गेला, पण पोलिसांनी करवलेल्या तपासणीत गोळी सापडली नाही. तोंडात सुमारे ३५ सेंटिमीटर लांबीची काठी अडकली होती, पोट रिकामं होतं आणि अवयव निकामी होत आले होते.

त्याचं वय पंधराच्या आसपास होतं. बेलुगाच्या हिशेबात हे नुकतं तारुण्य. तो पाच वर्षं आपल्या जातीच्या कळपाविना, बोटींच्या आणि माणसांच्या मागे फिरत होता. माणसांच्या हाती वाढलेल्या बेलुगाला पुन्हा समुद्रात रुळवणं किती अवघड असतं, हे आइसलंडमध्येही दिसलं आहे. शांघायच्या मत्स्यालयातून २०१९ मध्ये तिथे नेलेल्या दोन माद्यांना खाडीत सोडण्याचं काम अपेक्षेपेक्षा फारच संथ गेलं, त्यांना बराच काळ आतल्या तलावातच ठेवावं लागलं. त्याच वर्षी कॅनडानं देवमासे आणि डॉल्फिन नव्यानं बंदिवासात ठेवण्यावर कायद्यानं बंदी आणली. बंदी योग्यच आहे. आधीपासून टाक्यांत असलेल्यांचं काय करायचं, हे दुखणं मात्र अजून तसंच आहे, कारण त्यांच्यापुढे अजून कित्येक दशकांचं आयुष्य आहे.

प्रश्न : सेंट लॉरेन्समधले बेलुगा ८८९ वरून १,८५० झाले अशी बातमी वाचली. म्हणजे दुप्पट झाले ना? मग आता चिंता कशाला?
– तेच निवृत्त ग्रंथपाल, दुसऱ्या पत्रात

उत्तर : दुप्पट झाले नाहीत. ८८९ हा २०१२ चा अंदाज होता आणि १,८५० हा २०२३ मध्ये जाहीर झालेला. मधल्या काळात मोजण्याची रीत सुधारली. विमानातून फोटो घेताना बरेच बेलुगा पाण्याखाली असतात, ते किती असावेत याचा हिशेब नव्यानं मांडला गेला आणि जुन्या मोजण्याही त्याच रीतीनं पुन्हा तपासल्या गेल्या. आधीही आपल्याला वाटत होतं त्यापेक्षा ते जास्तच होते. तीन वर्षांत एक पिल्लू देणारा प्राणी दहा-अकरा वर्षांत दुप्पट होणं शक्यही नाही, हे तुम्ही पहिल्या उत्तरावरून ताडू शकाल. नवा अंदाजही दीड हजार ते बावीसशे असा पसरट आहे.

तरी ही बातमी वाईट नाही. हजाराच्या आत असलेल्या समूहापेक्षा अठराशेच्या समूहाला आजार, एखादी तेलगळती, एखादा वाईट उन्हाळा जास्त सोसतो. पिल्लांचं आणि बाळंतिणींचं मरण चालूच आहे, म्हणून कॅनडाच्या यादीत हा समूह अजून ‘नष्टप्राय’ याच वर्गात आहे आणि तो तिथेच राहायला हवा. पुढच्या मोजणीत मी एकूण आकड्याआधी करड्या पाठी किती ते पाहीन.